गोष्ट सांग ना, भीतीची...

"बेलापूरला चाललेय" असं म्हटलं की पुण्यातले लोक हमखास विचारतात, "नवी मुंबईचं का?" नाही हो. आमचं बेलापूर श्रीरामपूर तालुक्यातलं, प्रवरेच्या काठचं. नदीच्या एका अंगाला बुद्रुक, दुसऱ्या अंगाला खुर्द. गंमत म्हणजे माझ्या लहानपणी श्रीरामपूरच्या रेल्वे स्टेशनावर पाटी होती ती 'बेलापूर' अशी, आणि खुद्द बेलापुरात स्टेशन नाही! त्यामुळे आमच्याकडे येणारा नवखा पाहुणा एकदा तरी गोंधळायचाच. असो. सांगायचं होतं ते वेगळंच.

गेल्या दिवाळीत माहेरी गेले होते. एका रात्री भाचा गच्चीत पांघरुणात डोकं खुपसून मोबाईल बघत होता. वय वर्षं अकरा. पांघरूण ओढलं तर पडद्यावर एक अस्वलाचा मुखवटा घातलेला धिप्पाड माणूस, हातात हत्यार, सगळीकडे रक्त. मी ओरडलेच. तर हा शांतपणे म्हणतो, "आत्या, अगं हा पू आहे. विनी द पू."

म्हटलं, कुठला पू? माझ्या डोळ्यांसमोर तो गोलमटोल, मधाच्या बरणीत हात अडकलेला, याच पोराच्या डब्यावर तीन वर्षं चिकटलेला पू! तोच तो, म्हणे. आता माणसं मारतो.

मोबाईल जप्त केला, वहिनीला दोन शब्द ऐकवले (ते मी ऐकवायला नको होते), आणि रात्री झोप येईना म्हणून मीच त्या सिनेमाविषयी वाचत बसले. 'विनी द पू : ब्लड अँड हनी', २०२३ चा, दिग्दर्शक ऱ्हिस फ्रेक-वॉटरफील्ड. पूचं मूळ पुस्तक ए. ए. मिल्न यांचं, १९२६ सालचं. १ जानेवारी २०२२ ला अमेरिकेत त्यावरचा हक्क संपला आणि पू सगळ्यांचा झाला. सगळ्यांचा म्हणजे याही मंडळींचा. एक लाख डॉलरच्याही आत सिनेमा उरकला आणि जगभरातून पन्नास लाखांच्या आसपास मिळवले. २०२४ मध्ये सर्वांत वाईट चित्रपटासकट पाच रॅझी मिळाले, ते वेगळे. पहिल्या भागात टिगर नाही, कारण तो वाघोबा मिल्नच्या १९२८ च्या पुस्तकातला. त्याचा हक्क २०२४ मध्ये सुटला, तेव्हा दुसऱ्या भागात तोही आला हत्यारं घेऊन. मग पीटर पॅन, बांबी... रांगच लागली. कुठल्या गोष्टीला कुणी वाली उरला नाही की लगेच तिला रक्त फासायचं!

दुसऱ्या दिवशी भाच्याशी समेट करायला गेले. म्हटलं, गोष्ट तरी काय आहे तुझ्या त्या सिनेमाची? तर त्याने सांगितलं, "ख्रिस्तोफर रॉबिन मोठा होतो आणि कॉलेजला निघून जातो. मग यांना खायला कोण देणार? उपाशी मरायला लागतात. मग ते गाढवाला खातात आणि ठरवतात, आता बोलायचं नाही, माणसासारखं वागायचं नाही." थोडा थांबून म्हणाला, "तू पण कॉलेजला गेलीस ना गं आत्या, इथून?"

घ्या!

सिनेमा टाकाऊ असेल, पण मागे टाकलेल्यांचं काय झालं हा प्रश्न काही टाकाऊ नाही. वाईट एवढंच वाटलं की सिनेमावाल्यांनी तो पहिल्या पाच मिनिटांत विचारला आणि नंतर विसरून गेले. पुढे नुसती कापाकापी.

मग मी ठरवलं, याला भीतीची खरी गोष्ट सांगायची. माझ्या आजीची.

आमची आजी कोणत्या तारखेला जन्मली ते कुणालाच ठाऊक नाही. "भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, त्या सालची मी" एवढंच ती सांगायची. ते साल १९२६. म्हणजे आजी आणि पू एकाच वर्षाचे, हे मला या वेळीच लक्षात आलं! त्या धरणाचं पाणी पाटांनी आमच्या भागात आलं आणि जिथं ज्वारी-बाजरी होती तिथं ऊस उभा राहिला. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना, पुढे सहकारी कारखाने... बाकी इतिहास पुस्तकांत आहे. आजीच्या गोष्टींत मात्र त्या उसाला फार महत्त्व. ज्वारीत माणूस दिसतो, उसात दिसत नाही. दहा-बारा फूट उंच ऊस, आत शिरलं की चार पावलांवर दिशा कळत नाही. आम्हा पोरांना लपाछपीला याहून चांगली जागा कुठली? आणि आजीला याहून मोठी धास्ती कुठली?

म्हणून आजीच्या सगळ्या गोष्टी भीतीच्याच. भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणारी म्हातारी सगळ्यांना माहीत आहे, पण आजीचा वाघ तिला खाण्याआधी कुठून कुठून खाईन ते नीट समजावून सांगायचा. चिऊताईच्या गोष्टीत दाराबाहेर पावसात भिजणारा कावळा शेवटी आत येतो आणि तापलेल्या तव्यावर बसतो. आजी तव्याचा 'चर्र' आवाज असा काढायची की आम्ही पाय पोटाशी घ्यायचो. आता विचार केला तर त्या मेणाच्या घरातली चिऊ काय कमी क्रूर आहे का?

आणि सगळ्यांत भारी गोष्ट होती मळ्यातल्या विहिरीतल्या हडळीची.

ही गोष्ट पुस्तकात मिळणार नाही, आमच्या ओट्यावरचीच. विहिरीच्या थारोळ्यावर संध्याकाळी एक बाई केस सोडून बसते. पाय उलटे, हातात हिरवा चुडा. एकटंदुकटं पोर दिसलं की गोड आवाजात हाक मारते आणि एकच प्रश्न विचारते, "तुम्ही किती गं बहिणी?" आणि उत्तर काय द्यायचं ते आजीने पाठ करून घेतलेलं : "पुष्कळ! आणि सगळ्या घरात जेवल्या-खाल्लेल्या, मजेत आहेत!" असं म्हटलं की ती खाली मान घालते आणि पाण्यात उतरून जाते. उत्तर चुकलं तर? "मग बसते रडत, आन् तिचं रडणं ज्यानं ऐकलं त्याला जन्मभर झोप न्हाई," आजी सांगायची.

बघा, ती कुणाला ओढून नेत नव्हती, कुणाला खात नव्हती. नुसती रडायची. तरी आम्ही कुणी त्या विहिरीकडे एकटे गेलो नाही. एकदा दिवाळीत, मी असेन आठ वर्षांची, ओट्यावर हीच गोष्ट रंगात आली होती आणि माझी मधली आत्या (वडिलांची चुलतबहीण) ताट अर्धवट टाकून उठून आत निघून गेली. आजीही थांबली. ती गोष्ट त्या रात्री पुरी झाली नाही. आम्ही पोरांनी फार कुरकुर केली होती एवढं आठवतंय.

तर ही गोष्ट मी भाच्याला सांगितली, अगदी आजीच्या हेलात. पोराने मोबाईल मागितला नाही, एवढा तरी विजय! पण गोष्ट संपल्यावर त्याने विचारलं, "पण ती का विचारते, किती बहिणी म्हणून?"

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता.

आता जरा विषयांतर करते, रागावू नका. मला भुताचे सिनेमे आवडतात, हे घरच्यांना माहीत आहे आणि पसंत नाही. 'तुंबाड' मी २०१८ मध्ये पाहिला आणि २०२४ मध्ये परत थिएटरला लागला तेव्हा पुन्हा पाहिला. राही अनिल बर्वे यांचा. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून आलेलं, आणि त्यातल्या त्या साखळदंडातल्या म्हातारीमागे नारायण धारपांची 'आजी' ही कथा. धारपांनी ती स्टीफन किंगच्या कथेवरून बेतलेली. म्हणजे अमेरिकेतली आजी मराठीत आली आणि सासवडच्या वाड्यात जाऊन बसली! पण दुसऱ्यांदा बघताना मला वाटलं, अरे, ही तर सोन्याचं अंडं देणाऱ्या कोंबडीची गोष्ट. मूठभर मोहरा मिळतायत, घर चाललंय, आणि मग पोरगं बापाला म्हणतं, सगळं एकदमच का नाही आणायचं? दुसरीतल्या पोराला सांगायची गोष्ट, पण इथे अंगावर काटा येतो, कारण हाव तीच आहे आणि बाप-लेक खरे आहेत.

आदित्य सरपोतदारांचा 'मुंज्या' (२०२४) भाच्याबरोबरच पाहिला. तो पोट धरून हसला. मला मात्र मुंज झाल्यावर लगेच गेलेलं एक पोर पिंपळावर भूत होऊन बसतं, या मूळ समजुतीचंच वाईट वाटत राहिलं. पोर गेलं, त्याचं दुःख करायचं सोडून आपण त्याला घाबरायला लागलो!

आणि तिसरा, विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' (२०१७). पूजा सावंत आणि उषा नाईक. हाच पुढे 'छोरी' नावाने हिंदीत आला, २०२१ मध्ये. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी शेवट सांगत नाही. पण गोष्ट अशी, की एक गरोदर बाई उसाच्या मधोमध असलेल्या एकाकी घरात येते, उसात मुलं लपाछपी खेळत असतात, आणि हळूहळू कळतं की या घराला खरी भीती भुतांची नाहीच. भीती आहे ती जन्माला येणाऱ्या मुलीची. मी तो पाहिला तेव्हा मध्येच उठून पाणी प्यायले. ऊस आमचा होता ना! महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ च्या जनगणनेत ८९४ झाल्या. ऊसतोडीला आमच्याकडे माणसं येतात त्या बीड जिल्ह्यात तर ८०७. म्हणजे लपलेल्या मुली कुणी शोधायलाच गेलं नाही.

तर भाच्याचा प्रश्न घेऊन मी रात्री आईकडे गेले. आई पणत्यांच्या वाती करत होती. म्हटलं, आई, आजीची हडळ बहिणींचं का गं विचारायची?

आईने हातातली वात पुरी केली. मग म्हणाली, "तुला आता सांगायला हरकत नाही. तू झालीस त्या दिवशी मला सांगितलं होतं त्यांनी."

आजीला एक धाकटी जाऊ होती. हे मला माहीत होतं. 'लवकर गेली' एवढंच. तिला ओळीने तीन मुली झाल्या. चौथ्यांदा दिवस गेले. सासूचे, शेजारणींचे टोमणे रोजचेच. एका संध्याकाळी जेवणं झाल्यावर आजी (माझी आजी, जिने आम्हाला मांडीवर घेऊन झोपवलं) तिच्याकडे बघून सहज म्हणाली, "यंदा बी तसंच दिसतंय." एवढं एकच वाक्य. पहाटे दाराची कडी वाजली ती आजीने ऐकली. पाण्याला निघाली असेल म्हणून कूस बदलली. सकाळी थारोळ्यावर कळशी सापडली. पाय घसरला, असं सगळ्यांनी सांगितलं. पुढे गावात बोलायला लागले की गरोदरपणी गेली, आता हडळ होणार. कारण आपल्याकडे हिशेबच तसा आहे ना, पोटुशी किंवा बाळंतीण बाई गेली की ती हडळ. जिला छळलं तीच गेल्यावर छळणारी ठरते. किती सोयीचं!

आणि त्या तिघी मुली? आजीनेच वाढवल्या. त्या म्हणजे माझ्या तिन्ही आत्या. ताट टाकून उठून गेलेली ती मधली.

"तू दुसरी मुलगी झालीस," आई सांगत होती, "तेव्हा बायका बघायला आल्या आणि कुणीतरी तोंड वेंगाडलं. तुझ्या आजीने तिला ओट्यावरनं खाली उतरवलं. म्हणाल्या, या घरात पोरीवरनं कुणी शब्द काढायचा नाही, मी एकदा काढलाय. मग दार लावून मला हे सगळं सांगितलं आणि पुन्हा कधी विषय काढला नाही."

म्हणजे ती पाठ करून घेतलेली ओळ, 'पुष्कळ आहोत, जेवल्या-खाल्लेल्या, मजेत आहोत', हा आजीचा निरोप होता. आम्हा पोरांच्या तोंडून रोज पाठवलेला. आणि 'जन्मभर झोप न्हाई' हे ती स्वतःबद्दल बोलत होती. मला खूप वेळ काही सुचेना. एकीकडे आजीचा राग, एकीकडे तिच्यामुळे मला या घरात कुणी कमी लेखलं नाही, ते. दोन्ही एकाच बाईकडून. काय करायचं याचं?

नंतर मला ग्रिम बंधू आठवले. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत स्नो व्हाईटच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई. १८१९ मध्ये त्यांनी तिची सावत्र आई करून टाकली. सख्खी आई असं करते हे लोकांना सोसवेना. आमच्या ओट्यावर तेच झालं. सख्खी माणसं गोष्टीतून नाहीशी झाली आणि उरली ती उलट्या पायांची हडळ. आजीने निदान तिला रडू तरी दिलं. माणूसपणाचा तेवढा धागा तिने गोष्टीत ठेवला.

मला पूच्या सिनेमाचा राग का आला, ते आता नीट सांगता येईल असं वाटतं. लहान मुलांच्या गोष्टीत रक्त आलं म्हणून नव्हे. रक्त तर तिथे पहिल्यापासून आहे. पण 'लपाछपी'सारखा सिनेमा भुताचा मुखवटा काढून मागचं माणूस दाखवतो, आणि हे लोक एका साध्या अस्वलाला मुखवटा चढवून मागे काहीच ठेवत नाहीत. एकात भीतीच्या खाली कुणीतरी सापडतं, दुसऱ्यात नुसती भीतीच. भाच्याला मी एवढं सगळं सांगितलं नाही अर्थात.

काय सांगितलं मग? विहिरीकडे एकटं जायचं नाही हे तर सांगायलाच हवं, आणि उसात तर मुळीच नाही. हल्ली आमच्याकडे उसात बिबटे आहेत, बिबट्याची मादी उसातच पिल्लं घालते, संध्याकाळनंतर भाऊही बॅटरीशिवाय मळ्यात जात नाही. खऱ्या भीतीसाठी खरं कारण सांगावं, असं मी ठरवलं. म्हणून बिबट्याचं बिबट्या म्हणून सांगितलं. आणि विहिरीचं सांगितलं, की तिथे तुझ्या पणजीची जाऊ गेली. तिला घरातले लोक टाकून बोलायचे, तिला तीन मुली होत्या, आणि त्या तिघी आज येणार आहेत भाऊबीजेला.

तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, "म्हणजे ती भूत नाहीये?"

"नाही रे."

"मग तिचं नाव काय?"

मला माहीत नव्हतं! एका बाईची गोष्ट चाळीस वर्षं ऐकली-सांगितली आणि नाव माहीत नाही. आतून आईने सांगितलं. भाच्याने एकदा मोठ्याने म्हणून बघितलं. त्या घरात ते नाव किती वर्षांनी उच्चारलं गेलं असेल, कुणास ठाऊक.

हे लिहून महिनाभर तसंच ठेवलं होतं. आमच्या घरातले, नात्यातले बरेच जण इथे येऊन वाचतात, आणि 'घरातलं चव्हाट्यावर' असं काहींना वाटेल याची कल्पना आहे. म्हणून आधी मधल्या आत्याला फोन केला आणि सगळं वाचून दाखवलं. ती बराच वेळ बोलली नाही. मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाली, "मला ठाऊक होतं गं, काकू कुणाची गोष्ट सांगतात ते. राग यायचा. पण आईबद्दल घरात कुणी बोलायचं ते तेवढंच, म्हणून कधीकधी दाराआडून ऐकायचेसुद्धा."

टाकू का हे, विचारलं.

"टाक. नाव नको लिहूस, ते आमच्यापाशी राहू दे. आणि शेवटी तरी तिला हडळ म्हणू नकोस."

नाही म्हणत, आत्या.